खिडकीतली वाटी

विहीणबाई, परवा नितीन तुमच्या गॅलरीत उकिडवा बसून रिकाम्या कुंड्या उकरत होता. एकेका कुंडीतली माती बाहेर काढायची, ढेकळं फोडायची, बोटांनी चाचपायची आणि परत भरायची. कुठेतरी भेदऱ्याचं एखादं फळ गळून पडलं असेल, त्याचं बी मातीत राहिलं असेल, अशी त्याला आशा. "आईनं या वर्षी बी धरलंच नाही, असं होणार नाही," असं तो मुग्धाला सांगत होता. मी आत ओट्याशी कांदा चिरत होते. भाजीला एकच कांदा लागणार होता, तरी मी दुसरा घेतला, मग तिसरा. मला मान वर करायची नव्हती.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. सोसायटीच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी जी छोटी सभा झाली, तिच्यात मीही बोलले. यवतमाळकडच्या गावातल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, शिस्तीच्या पण मायाळू, निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहाखातर पुण्याला आलेल्या, वगैरे वगैरे. एकदाही अडखळले नाही. खाली बसल्यावर दोघीतिघींनी हात धरून सांगितलं, की विहीण असून किती आपलेपणाने बोललात हो. मला तोंड लपवावंसं वाटलं आणि तसं वाटल्याचं मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. ते आम्हा पुणेकरांना छान जमतं. म्हणून आता हे दुसरं बोलणं, फक्त तुमच्याशी.

आपली पहिली भेट आठवते का? मुग्धा आणि नितीन एका कंपनीत, दोघांनी आपापलं ठरवलं होतं, आपण फक्त रीत म्हणून भेटायचं होतं. तुम्ही सदाशिव पेठेत आमच्याकडे आलात. मी बशा काढून ठेवल्या होत्या, कारण पाहुणे पेढे आणतील असा माझा हिशेब. तुम्ही पिशवीतून टोमॅटो काढलेत. तेही कसले, तर भोपळ्यासारख्या शिरा असलेले, देठाशी हिरवे, कुठे तडकलेले, एकाचा आकार दुसऱ्याशी जुळत नाही असे. "आमच्याकडं याले भेदरं म्हणतात," तुम्ही म्हणालात, "घरचे आहेत." लग्नाच्या बोलणीला टोमॅटो. मी ते ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले, चाळणीखाली झाकून, दुसऱ्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून.

मग तुम्ही मला विचारलंत, "जेवल्या का जी?" सकाळचे साडेदहा वाजले होते. मी म्हटलं, "आमच्यात या वेळेला चहा होतो." तुम्ही हसलात. नंतर कळलं, की तुमच्याकडे तो प्रश्न नसतोच. "कशा आहात"च्या जागी येणारं ते वाक्य आहे. तुम्ही फोनवर विचारायचात, जिन्यात विचारायचात, दुपारी चार वाजताही विचारायचात. आणि मी दर वेळी म्हणायची, "हो, झालं." पोटात कावळे ओरडत असले तरी, "हो, झालं." आम्हाला लहानपणापासून तेच शिकवलेलं. समोरच्याला आपल्यासाठी पान मांडायला लावू नये, म्हणजे आपल्यालाही कोणासाठी मांडावं लागत नाही.

तुम्ही हडपसरला राहायला आलात, तेव्हा नवव्या मजल्यावरची ती गॅलरी रिकामी होती. मुग्धाने तिथे एक झोपाळा टांगायचं ठरवलं होतं. तुम्ही तेलाचे पत्र्याचे डबे आणलेत, रंगाच्या बादल्या आणल्यात, त्यांना खिळ्याने भोकं पाडलीत. सुतळी आणि बांबूच्या कामट्या आणल्यात. झोपाळ्याचा विषय मागे पडला. मुग्धा मला फोनवर म्हणाली, आई, गॅलरीचं शेत झालंय. मी म्हटलं, बोलू नकोस त्यांना, वयस्कर आहेत. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या होतात तुम्ही.

आणि मग फुलं आली पण फळ धरेना. नवव्या मजल्यावर मधमाशी कुठून येणार? तुम्ही रोज सकाळी फुलांच्या दांड्यांना चमच्याने टिचक्या मारायला लागलात. तेवढ्यानेही भागेना तेव्हा तुम्ही मुग्धाचा बॅटरीवर चालणारा टूथब्रश उचललात आणि तो चालू करून एकेका फुलाच्या मागे लावलात. घूं घूं करत फुलांतून पिवळी भुकटी उडते आणि फळ धरतं. मुग्धाने आठवडाभर त्याच ब्रशने दात घासले. तिला कळलं तेव्हा तिने मला फोन करून रडून सांगितलं आणि मी सोफ्यावर लोळून हसले. तुमच्याशी बोलताना मात्र म्हटलं, अहो, निदान वेगळा तरी आणायचा. तुम्ही म्हणालात, "आणला न. तो तिच्या कपाटात ठेवला, जुना मी घेतला." म्हणजे मुलगी माझीच धांदरट. नव्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

मी मुग्धाकडे आले की गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायची. खरं तर वाचत नव्हते, बघत होते, हे आता सांगते. सकाळचं ऊन तिरकं आलं की त्या झाडांच्या खोडावरची लव सोनेरी दिसायची. फुलं इवलीशी, पिवळी, पाकळ्या मागे वळवून खाली बघणारी. पानाला नुसता हात लागला तरी बोटांना तो वास यायचा, हिरवा, तिखटसर, आणि साबणाने धुतलं तर साबणाचा फेस पिवळा व्हायचा. फळ आधी पोपटी, मग पांढुरकं, मग एका बाजूने लाली चढलेली, आणि शेवटी लाल झालं तरी खांद्यावरचं हिरवं सुटत नाही ते नाहीच. तुम्ही ते आडवं कापून माझ्यासमोर धरायचात. आत खोल्याच खोल्या, वाकड्यातिकड्या, प्रत्येक खोलीत रसात बसलेलं बी. "पाहा," म्हणायचात फक्त. मी "हं" म्हणायची आणि पेपरचं पान उलटायची. किती सुंदर आहे हो, एवढं म्हणायला माझं काय जात होतं?

दर आठवड्याला नितीनच्या हातून माझ्याकडे एक पिशवी यायची. मी त्यांचं सार करायची. मंडईतल्या टोमॅटोचं सार आणि तुमच्या भेदऱ्याचं सार यांत जमीनअस्मानाचं अंतर. बाजारातला टोमॅटो दिसायला गुळगुळीत, रंगाने एकसारखा, आणि चवीला पाणी. तुमच्या भेदऱ्याला आंबटपणा होता आणि त्या आंबटाच्या मागून हळूच गोड यायचं. आमच्या इमारतीतल्या बायका वाटी पुढे करून मागून घ्यायच्या. काय घालता हो, विचारायच्या. मी सांगायची, काही नाही, जिरं तुपात नीट फुलू द्यायचं आणि नारळाचं दूध शेवटी. तुमचं नाव मी एकदाही घेतलं नाही. सगळं श्रेय जिऱ्याला.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. आठवतंय ना? आषाढी एकादशीला तुम्ही आमच्याकडे होता. मी साबुदाण्याची खिचडी केली होती, बटाटा घालून, शेंगदाण्याचं कूट घालून, हिरवी मिरची घालून. तुम्ही म्हणालात, काकडीच्या कोशिंबिरीत एक भेदरं चिरून टाकू का? मी म्हटलं, छे, उपासाला टोमॅटो कसा चालेल, ते परदेशी फळ. आमच्या सासूबाई तर त्याला बेलवांगं म्हणायच्या आणि एरवीही घरात येऊ द्यायच्या नाहीत, मांसासारखा रंग म्हणून. पितरांच्या स्वयंपाकाला तर नावही काढायचं नाही.

तुम्ही हातातला चमचा खाली ठेवलात आणि तुमच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली. समुद्रापलीकडे, पार पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला डोंगर आहेत, तिथे याचे पूर्वज रानात बोराएवढे लागायचे, असं तुम्ही सांगितलंत. तिथल्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून मोठे केले. मग गोऱ्यांची जहाजं गेली आणि घेऊन आली. गोरे आधी याला भ्यायचे, विषारी म्हणून. बागेत शोभेला लावायचे, लाल फळं बघत बसायचे, आणि तोंडात घालायचं धाडस नाही. मग जहाजांतूनच ते आपल्याकडे उतरलं आणि गावोगाव परसात गेलं, जिथे गेलं तिथली हवा, तिथली माती घेऊन वेगळं झालं, कुठे तांबाटी झालं, कुठे भेदरं. सगळं सांगून झाल्यावर तुम्ही माझ्या ताटलीकडे बोट केलंत.

"विहीणबाई, हा आलू कुठचा? हे शेंगदाणे कुठचे? मिरची, साबुदाणा? सारे त्याच मुलखाचे पाहुणे आहेत जी. तुम्ही चौघांले देवाजवळ बसवलं अन् एकाले दारात उभं ठेवलं. काहून?"

त्याचं उत्तर मी आता महिनाभर शोधतेय. तेव्हा मी म्हटलं, "उपासाला चालतं ते चालतं," आणि दही घ्या म्हणाले. तुम्ही खिचडी संपवलीत, छान झाली म्हणालात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. कारण खरं सांगायचं तर मला फक्त टोमॅटोबद्दल राग आला नव्हता. दारात उभं ठेवलेलं आणखी कोण, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मुग्धाच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही माझ्याकडे कितीदा आलात, आणि मी एकदाही तुम्हाला माझ्या स्वयंपाकघरात हात लावू दिला नव्हता. पाहुण्या आहात, बसा, असं म्हणून बाहेर बसवायची. आम्हा लोकांचा मान देण्याचा प्रकार असा असतो.

दर वर्षी मृगाच्या आधी तुम्ही मला म्हणायचात, तुमच्या गच्चीत चार रोपं लावून देते. मी म्हणायची, आमच्या गच्चीत ऊन येत नाही. आमच्या गच्चीत दिवसभर ऊन असतं. तुम्ही तिथे पापड वाळत घातलेले पाहिले होतेत. तरी दर वर्षी विचारायचात.

आता मुख्य गोष्टीकडे येते. टाळून टाळून किती टाळणार.

तुम्हाला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. नितीन आणि मुग्धा तुमच्याबरोबर पळाले आणि मी घर सांभाळायला हडपसरला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा आवरायला घेतला. तर खिडकीत, मसाल्याच्या बरण्यांच्या मागे, एक वाटी. तुमची ती जड पितळी वाटी, वर चहाची गाळणी उपडी ठेवलेली. गाळणी उचलली आणि भपकारा आला. आत लालसर पाणी, वर पांढरी साय धरलेली, बुरशी, आणि चिलटं घोंघावतायत.

मला काय वाटलं, विहीणबाई, ते सांगते. मला आनंद झाला. किळस आलीच, पण तिच्याखाली आनंद होता. इतकी वर्षं तुमच्यात खोट काढायला मला काही सापडलं नव्हतं. बोलायला हुशार, वाचन माझ्यापेक्षा जास्त, मुलगी माझी पण सल्ला तुमचा घेणार. आणि आता ही सडकी वाटी. मी ती मोरीत ओतली, वरून बादलीभर गरम पाणी सोडलं. वाटी चिंच-मीठ लावून घासली, एवढी की त्यात तोंड दिसावं. मग बहिणीला फोन लावला आणि सांगितलं, मुख्याध्यापिका असल्या म्हणून काय झालं, ओटा बघायला हवा होतास. बहीण हसली. मीही हसले. तुम्हाला तेव्हा नाकात नळी घातलेली होती.

चूक झाली याची लाज वाटतेच. पण ती करताना मला बरं वाटलं होतं, ही लाज जास्त आहे. तिला कुठल्याच चिंचेने घासता येत नाही.

दोन-तीन दिवसांनी तुम्हाला जरा बरं वाटलं म्हणून मला आत सोडलं. नितीन औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, आवाज बारीक झाला होता, पण डोळे तेच, वर्गावर फिरणारे.

"खिडकीतली वाटी हलवली तर नाही न कोणी?" तुम्ही विचारलंत.

"कुठली वाटी?"

"गाळणी उपडी ठेवलेली. भेदऱ्याचं बी घातलं आहे त्यात. शेवटचं एक चांगलं फळ होतं, त्याचं. आंबू द्या लागते."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की विहीणबाई, मला माहीत नव्हतं, मी ओतून टाकलं. एवढं सोपं वाक्य. बँकेतल्या नोकरीत मी साहेबांच्या तोंडावर त्यांच्या चुका सांगितल्या आहेत, गिऱ्हाइकांना सुनावलं आहे. पण स्वतःबद्दल एक वाक्य तोंडातून फुटेना.

"आहे की," मी म्हटलं. "आहे तिथेच आहे."

"वास सुटला काय?"

"छे हो. अजिबात नाही."

तुमच्या घरच्या वाटीला मी वास येतो म्हणणार नाही, असा माझा सभ्यपणा. तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "बरं." आणि मग, नेहमीचंच, "तुम्ही जेवल्या का जी?"

"हो, झालं," मी म्हटलं.

मला वाटलं, सुटले. बऱ्या झाल्या की कबूल करू, असं मनाशी ठरवूनही टाकलं. तुम्ही बऱ्या झाला नाहीत. त्यानंतर तुम्ही बियांचा विषय एकदाही काढला नाहीत, आणि मी समजले की तुमचा माझ्यावर विश्वास बसला.

तुमच्या दिवसांचा स्वयंपाक ठरवायची वेळ आली तेव्हा नितीनने मला विचारलं, कारण पुण्यातली म्हणजे मला रीतीभाती माहीत. मी सवयीने सांगून मोकळी झाले, टोमॅटो चालत नाही. बटाट्याची भाजी झाली. आचाऱ्याने बटाटे सोलायला घेतले आणि मला तुमचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला, चौघांले बसवलं अन् एकाले. मी आचाऱ्याकडे गेलेही. पण तिथे तुमचे नातेवाईक होते, आमचे होते, गुरुजी होते. मी त्याला मीठ बेताचं घाल म्हणाले आणि परत आले. तुमच्या नावाच्या पानावर तुमचंच फळ नव्हतं. हेही माझ्यामुळेच.

नितीनने परवा कुंड्या उकरल्या, त्याआधी सोसायटीत ज्यांना ज्यांना तुम्ही रोपं दिली होतीत त्यांच्याकडे विचारून आला होता. त्यांनी फळं खाल्ली होती, फोटो काढले होते. बी कोणीच धरलं नव्हतं. सगळ्यांना खात्री होती की पुढच्या वर्षी तुम्ही आहातच.

मग काल दुपारी घरी आल्यावर मी तुमच्या भावजयीला फोन लावला. खोटं कशाला बोलू, कबुली द्यायला नव्हता लावला. गुपचूप चिमूटभर बी मागवावं, त्याच वाटीच्या जागी पुडी करून ठेवावी आणि हे बघ, सापडलं, म्हणावं, असा बेत होता. या वयात, विहीणबाई, हा बेत. मी त्यांना म्हटलं, तुमच्या वन्संकडचं ते भेदऱ्याचं बी तुमच्याकडे असेल ना? त्या हळहळल्या. त्यांच्याकडे आता कोणी लावत नाही, म्हणाल्या, सगळे पाकिटातलं आणून लावतात, ते एकसारखं लागतं आणि लवकर येतं. तुमच्या आईने तुम्हाला रुखवतासोबत राखेत घोळवून दिलेलं ते बी, बदल्यांच्या गावोगाव फिरवून राखलंत ते एकट्या तुम्हीच. उलट त्याच तुमच्याकडे मागणार होत्या.

मी विचारलं, बी धरायची रीत काय असते हो? नुसतं वाळवत का नाहीत? त्यांना वाटलं मला लावायचं आहे, त्यांनी हौसेनं सांगितलं. बियाभोवतीचा गर आंबून सुटला पाहिजे, त्याशिवाय ते नीट उगवत नाही. वाटी झाकून दोन-तीन दिवस ठेवायची, साय धरली की धुवायचं. मी म्हटलं, पण वास येत असेल ना?

"तं वास आलाच पाह्यजे न बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या वन्सं वासावरूनच सांगत. दोन दिसानं वास नाही आला, तं समजाचं, त्या वाटीत बी नाही."

मी फोन ठेवला तो कसा ठेवला, मला आठवत नाही. त्यांना बहुतेक बरं म्हटलं असावं.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. माझं "अजिबात नाही" ऐकलंत त्याच क्षणी कळलं होतं, की वाटी गेली, आईचं बी गेलं, आणि समोर बसलेली विहीण खोटं बोलते आहे. एवढं कळून तुम्ही म्हणालात, बरं. पुढे तुमच्याजवळ नितीन बसायचा, मुग्धा बसायची. तुम्ही त्यांना एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर तो कुंड्या उकरत बसला असता का? शाळेत मुलीने खोटं सांगितलं तर तुम्ही तिला सगळ्यांसमोर कधीच विचारत नव्हता, असं सभेत तुमची एक विद्यार्थिनी सांगत होती. मी मान डोलावली होती.

मला तुमचा रागही आला, कालच. ओरडायचं होतंत ना माझ्यावर. अहो, काय केलंत हे, एवढं म्हणायचं होतंत. मी चार उलट शब्द बोलले असते, मग रडले असते, आणि फिटलं असतं. ती संधी तुम्ही मला दिली नाहीत. का माझीच लाज राखलीत? मरणाच्या दारात बसून माझी लाज?

आज सकाळी हडपसरला गेले आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. वाटी, मोरी, गरम पाणी, बहिणीला केलेला फोन, दवाखाना, कालचा फोन, सगळं. काही गाळलं नाही. मुग्धा म्हणाली, "आई, तू ना," आणि आत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

नितीन उठला. मांडणीवरून ती वाटी काढलीन त्याने. अजून लखलखत होती. त्याने ती नाकाशी नेली आणि डोळे मिटून वास घेतला, बराच वेळ. मी बघू शकत नव्हते, तरी बघितलं. मग त्याने वाटी खिडकीत होती तिथे ठेवली आणि गाळणी तिच्यावर उपडी घातली. रिकाम्या वाटीवर. मला एका शब्दाने बोलला नाही, तुमचाच मुलगा. नळाखाली चेहरा धुतला, पंच्याने पुसला आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "आई, जेवलात का?"

जीभ सवयीने वळली होती. तोंडाशी आलं होतं, हो, झालं.

"नाही रे," मी म्हटलं.

त्याने ताट घेतलं. मी तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या पाटावर बसून जेवले. समोर खिडकी होती.

आणि विहीणबाई, दवाखान्यात तुम्ही विचारलंत ना, त्या दिवशीही मी जेवले नव्हते.